अंधारी विज्ञानकथा आवडणाऱ्यांनो, तुमचं वेड सांगा

जग उद्ध्वस्त झालंय, पाणी मोजून मिळतंय, भिंतींना कान आहेत, आणि आपण उशीला टेकून 'अजून एकच भाग' म्हणत बसलोय. असल्या भकास गोष्टींची गोडी तुम्हाला कशी लागली, कशामुळे टिकली, कुठे नको झाली, ते लिहा. नुसत्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात.

*

माझी सुरुवात ऑरवेलच्या '१९८४'पासून. शाळेत असताना शेवट वाचून पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं होतं. कॉलेजात पुन्हा वाचलं, तेव्हा मागचं परिशिष्ट नीट वाचलं. गोष्टीतल्या सत्ताधारी पक्षाने घडवलेल्या भाषेची माहिती देणारं ते परिशिष्ट भूतकाळात लिहिलंय. ही भाषा अशी 'होती', तिचा हेतू असा 'होता'. मग हे लिहिणारा कोण? राजवट संपल्यानंतरचा कुणी अभ्यासक? काही जण म्हणतात, अख्खी कादंबरीच भूतकाळात आहे, उगाच ताणू नका. मी ताणणाऱ्यांपैकी, आणि कट्टर!

*

मला हुकूमशहांमध्ये फारसा रस नाही. त्यांच्या कचेऱ्यांमध्ये आहे. अशा जगात शिक्का कोण मारतो, रांग कुठून सुरू होते, नळ कोण दुरुस्त करतो, हे ज्या गोष्टीत नीट रचलेलं असतं तीच मला खरी वाटते. म्हणून १९८५चा 'ब्राझील' हा चित्रपट माझा सगळ्यात लाडका. मेलेली माशी छपाईयंत्रात पडते, अटकेच्या कागदावर 'टटल' या नावाचं 'बटल' होतं आणि भलताच माणूस उचलला जातो. वर त्याच्या बायकोकडून नवऱ्याच्या पावतीवर सही घेतात, मग त्या पावतीची पावती! कुणी क्रूर नाही, सगळे आपापलं काम चोख करतायत. या प्रसंगाला मी आधी खो खो हसलो होतो. आता हसू येतं, पण मध्येच अडकतं. ज्यांना अशा गोष्टी म्हणजे नुसता धूर, चिलखत आणि बंदुका वाटतात त्यांनी हा बघावाच.

*

'द मशीन स्टॉप्स'. फॉर्स्टरची कथा, १९०९. जमिनीखाली प्रत्येक जण आपापल्या खोलीत, बोलणं यंत्रातून, प्रत्यक्ष भेटायची शिसारी. मी लॉकडाउनमध्ये वाचली. अधिक लिहीत नाही.

*

आमच्या टोळक्याने 'ब्लेड रनर' मुद्दाम राखून ठेवला होता. चित्रपट १९८२चा, कथा नोव्हेंबर २०१९मधली, म्हणून बरोबर त्याच महिन्यात रात्री लावला. उडत्या गाड्या काही आल्या नव्हत्या. आधी भांडण कुठली आवृत्ती बघायची यावर, निवेदन असलेली जुनी की २००७ची 'फायनल कट'. मग नायक डेकार्ड माणूस की रेप्लिकंट, म्हणजे हुबेहूब माणसासारखा बनवलेला कृत्रिम जीव, यावर पहाटेपर्यंत. चित्रपट बघितला का? अर्धा. पण तो पाऊस आणि ते संगीत नसतं तर इतकी वर्षं कुणी भांडलं असतं असं मला वाटत नाही.

*

मी मालिका मध्येच सोडून देणाऱ्यांपैकी. 'द हँडमेड्स टेल' लिहिताना अ‍ॅटवूडने स्वतःला एक नियम घालून घेतला होता: माणसांनी इतिहासात कुठेतरी, कधीतरी प्रत्यक्ष केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. हे कळेपर्यंत मी 'गोष्टच तर आहे' म्हणून वाचत होते. नंतर ती सोय गेली. पुस्तकावरची मालिका मात्र मध्येच थांबवली. बायकांचा छळ भाग-दर-भाग वाढवत न्यायचा आणि त्याला धाडस म्हणायचं, हे मला पटलं नाही. पुस्तक अजून कपाटात आहे, तेवढं पुरे.

*

'हंगर गेम्स'ला इथे कुणीतरी 'पोरांची पुस्तकं' म्हणणारच, म्हणून आधीच लिहिते. २०१४मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा निदर्शकांनी याच गोष्टीतली बंडाची खूण म्हणून तीन बोटं वर केली, आणि त्यासाठी लोकांना ताब्यातही घेतलं गेलं. २०२१मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवर तीच खूण दिसली. मी ती पुस्तकं प्रेमाच्या त्रिकोणासाठी वाचायला घेतली होती, हेही खरं. पोरांच्या पुस्तकातली खूण बघून लष्कर बिथरतं, तर पोरांना कळलं ते मोठ्यांनीही वाचायला हरकत नाही.

*

झाम्यातिनची 'वी' ही कादंबरी कुणी वाचलीय का? या सगळ्यांची आजी म्हणावी अशी. काचेची घरं, नावांऐवजी क्रमांक, आणि पडदा ओढायचा तर गुलाबी कुपन लागतं. इंग्रजी भाषांतर १९२४मध्ये न्यूयॉर्कला छापलं गेलं. लेखकाच्या स्वतःच्या देशात, सोव्हिएत संघात, ती छापायला १९८८ उजाडलं. पहिली काही पानं गणिती वाटतात, नेट लावून पुढे जा. माझ्या ओळखीत ती पूर्ण केलेला एकही माणूस नाही आणि मला शेवटाबद्दल कुणाशी तरी बोलायचंय. वाचली असेल तर खाली लिहा, शेवट फोडला तरी चालेल.