बेसमेंटची ओल: 22, 35 की 50 पाइंट?

कोरांटी
9 जुलै

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं 1962 सालचं घर आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलं. बेसमेंट साधारण 800 चौरस फूट, उंची 7 फूट, भिंती सिमेंटच्या पोकळ ब्लॉकच्या. स्वयंपाकघर मागे वाढवलंय, त्याखाली 250 चौरस फुटांचं क्रॉल स्पेस, म्हणजे रांगत जाण्याइतकी बुटकी जागा. तिथे उघडी माती आणि तिच्यावर फाटकं प्लास्टिक.

गेल्या रविवारी आजीची गोधडी काढली. तिने साताऱ्याला स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. घडी उलगडली तर आत काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास. शेजारच्या कपाटात मुलाचा तबला होता, त्याच्या पुडीवर पांढरी बुरशी. मला रडू आलं. गोधडी परत मिळणारी वस्तू नाही.

आर्द्रता मोजायची दोन छोटी यंत्रं आणून दोन कोपऱ्यांत ठेवली. आठवडाभर 74 ते 78 टक्के दाखवताहेत, तापमान 66 अंश फॅरनहाइट. खिडक्या उघड्या ठेवून पाहिलं, आकडा आणखी चढला.

आता डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) घ्यायचाय. शेजाऱ्यांकडे 2016 मध्ये घेतलेला 70 पाइंटचा आहे, म्हणजे दिवसाला 70 पाइंट पाणी काढणारा (पाइंट म्हणजे साधारण अर्धा लिटर). दुकानात मला 22, 35 आणि 50 एवढेच दिसले. 22 च्या खोक्यावर 1500 चौरस फुटांपर्यंत चालेल असं लिहिलंय. मग माझ्या 800 फुटांना तोच पुरेल ना? की 50 सुद्धा कमी पडेल, कारण शेजाऱ्यांचा 70 आहे? कोणी वापरलाय का?

चिंचपान
9 जुलै

आमचं बेसमेंट 700 फूट, बॉस्टनजवळ. 22 चा घेतला होता. दिवसरात्र चालायचा, तरी काटा 62 च्या खाली येईना. दुसऱ्या उन्हाळ्यात 50 चा आणला. नुसते चौरस फूट बघू नका, ओल किती आहे ते बघा.

दगडीवाडा
10 जुलै

कोरांटीताई, मी मेरीलँडमध्ये 17 वर्षं घरांच्या हवा-उष्णतेच्या कामात आहे. या आकड्यांचा घोळ दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, म्हणून नीट लिहितो.

शेजाऱ्यांचा 70 आणि दुकानातला 50 ही जवळपास एकाच ताकदीची यंत्रं आहेत. 2019 पर्यंत अमेरिकेत पोर्टेबल यंत्राची चाचणी 80 अंश फॅरनहाइटच्या खोलीत व्हायची. बेसमेंट एवढं उबदार कुठलं असायला? म्हणून ऊर्जा खात्याने चाचणीचं तापमान 65 वर आणलं, आर्द्रता 60 टक्केच ठेवली. थंड हवेत मुळात वाफ कमी असते, त्यामुळे त्याच यंत्रातून पाणी कमी निघतं. जुने 30, 50, 70 आता साधारण 22, 35, 50 झाले. तुमचं तापमान 66 आहे, म्हणजे नवा आकडा तुम्हाला जवळपास खरा पडेल. 50 पाइंट म्हणजे दिवसाला साधारण 24 लिटर. पण काटा 50 टक्क्यांकडे सरकू लागला की कुठलंही यंत्र याहून कमीच पाणी काढतं. म्हणून हात थोडा मोकळा ठेवून घ्यायचा. एसी गरजेपेक्षा मोठा घेतला तर ओल नीट ओढत नाही. डिह्युमिडिफायरचं तसं नाही. मोठा असला तर लवकर काम संपवून बंद पडतो.

तुम्ही 50 च घ्या, पण आज नको.

आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. अॅल्युमिनियम फॉइलचे दोन फुटी चौकोन चारही भिंतींवर लावा, कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवेतली वाफ थंड भिंतीवर निवतेय, ते यंत्राचं काम. भिंतीकडची बाजू ओली असेल तर बाहेरचं पाणी आत पाझरतंय. तिथे यंत्र लावणं म्हणजे गळक्या छपराखाली पातेलं ठेवणं. भिंतीला लोणा लागलाय का, तेही हात फिरवून बघा.

खिडक्यांचं तुम्हाला बरोबर दिसलं. बाहेर 85 अंश आणि 65 टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते ते, 72 च्या आसपास येतो. तुमची भिंत 66 ची, म्हणजे आत येणारी प्रत्येक झुळूक तिथे पाणी सोडून जाते. जुलैत बंदच ठेवा.

आणि गराज सेलमधला जुना स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे 2013 मध्ये लाखो यंत्रं परत मागवली होती, त्यांतली काही अजून लोकांच्या घरात असतील. शेजाऱ्यांनाही त्यांचा मॉडेल क्रमांक ग्राहक सुरक्षा आयोगाच्या यादीत तपासायला सांगा.

कोरांटी
13 जुलै

फॉइल काढून पाहिलं. तीन भिंतींवर खोलीकडून दव. उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र फॉइलच्या मागे पाणी, आणि खाली पांढरी पूड. लोणाच. त्याच कोपऱ्यावर पन्हळीचा पाइप उतरतो आणि भिंतीपासून जेमतेम फुटावर पाणी सोडतो! दोन वर्षं तिथून जाते-येते, कधी नजर गेली नाही. काल नवऱ्याने 8 फुटांचा जोडपाइप लावला आणि भिंतीलगत खचलेल्या जागी माती भरून बाहेरच्या बाजूला उतार दिला.

क्रॉल स्पेससाठी वेगळं यंत्र घ्यावं का?

निळीशाई
13 जुलै

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या राले शहरातले, आमचं अख्खं घरच क्रॉल स्पेसवर आहे. आधी माती झाका. ती उघडी असेपर्यंत खालून वाफ येतच राहणार, तिथे कितीही पाइंटचं यंत्र ठेवा. किमान 6 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक घ्या, आम्ही 12 चं टाकलं कारण त्यावरून गुडघ्यांवर रांगावं लागतं. सांधे किमान 6 इंच एकावर एक घेऊन चिकटवायचे, कडा भिंतीवर 6 इंच चढवायच्या. बाहेरची झरोके-जाळी बंद करण्याआधी मात्र खाली गॅसवर चालणारं काही आहे का, आणि रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू) किती आहे, हे तपासून घ्या.

250 फुटांना वेगळं यंत्र लागणार नाही असं वाटतं. बेसमेंटकडे उघडणारं दार असेल तर तिकडची कोरडी हवा पोचेल. आमच्यासारखं मोठं असेल तरच खास क्रॉल स्पेसचं बुटकं, थंडीतही न गोठणारं यंत्र घ्यावं. साध्या यंत्राच्या नळ्यांवर 60 अंशांच्या आसपास बर्फ धरायला लागतो.

दगडीवाडा
14 जुलै

वरच्याशी सहमत. पाणी वाहून जायची सोय आजच ठरवा. नुसत्या भांड्यावर राहिलात तर ते भरलं की यंत्र थांबतं, आणि रात्री दोनला ते रिकामं करायला कोणी उठत नाही. जमिनीत ड्रेन असेल तर यंत्र ओट्यावर ठेवून होजला सलग उतार द्या. नसेल तर पंपवालं घ्या. सेटिंग 50 टक्के, आणि भिंतीपासून फूटभर लांब.

कोरांटी
2 ऑगस्ट

पंपवालं 50 पाइंटचं आणलं. मधे दोन मोठे पाऊस होऊन गेले, उत्तरेचा कोपरा कोरडा राहिला. यंत्र पहिले चार दिवस अजिबात थांबलं नाही, काटा 60 वर अडकला होता. मी इथे लिहायलाच बसले होते, पण पाचव्या दिवशी 55 झाला. आता 49 ते 52 असतो आणि यंत्र दिवसातून नऊ-दहा तासच चालतं. विजेच्या मीटरवर बघितलं, चालू असताना 520 वॉट घेतं. म्हणजे दिवसाला पाच युनिट. बिल वाढेल, चालेल मला.

क्रॉल स्पेसचं प्लास्टिक येत्या शनिवारी. तबल्याची पुडी बदलावी लागली. गोधडी दोनदा उन्हात घालून, ब्रशने झाडून, व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून धुतली. वास गेला. डाग लुगड्याच्या हिरव्या काठावर आहेत, जवळ जाऊन पाहिलं तरच दिसतात. ती आता वरच्या मजल्यावर माझ्या पलंगावर असते.