चाळीस माणसांसाठी झिंगे-खेकडे वाफेवर : खड्डा खणावा की गंज (मोठे पातेले) चढवावा?

प्रश्न (वैनगंगाकाठ, तालुका पवनी)
दिवाळीनंतर आमच्या घरी चाळीस माणसे जमणार आहेत. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड किनाऱ्यावर वाळूतल्या खड्ड्यात दगड तापवून, त्यांवर ओले समुद्रशेवाळ अंथरून, शिंपले, शेवंड, बटाटे आणि मक्याची कणसे ओल्या कॅनव्हासखाली वाफवतात, असे पुतण्याने सांगितल्यापासून सर्वांना तसाच बेत हवा आहे. समुद्र आमच्यापासून फार दूर आहे. मात्र मामा (माजी मालगुजारी) तलावातले, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावातले, झिंगे आणि खेकडे मिळतील. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत शंभर माणसांचे रोडगे आम्ही भाजले आहेत, तरी हा प्रकार नवा आहे. कसे करावे?

उत्तर १ (धानाची बांधी)
भाऊ, खड्ड्याचा मोह टाळावा. दगड तापायलाच काही तास लागतात, आणि झाकण काढल्याशिवाय आत काय शिजले ते कळत नाही. शिवाय आपल्याकडची ताडपत्री प्लास्टिकची असते, ती वितळेल. तरीही हट्टच असेल, तर ओली गोणपाटे वापरावीत आणि दगड शेतातले कोरडे घ्यावेत. नदीतल्या दगडांत पाणी मुरलेले असते आणि आगीत ते फुटून उडतात.

घरी मोठे गंज हेच योग्य साधन आहे, पण चाळीस जणांचे एकाच गंजात कोंबू नये, कारण वाफ वरपर्यंत पोहोचेतो तळाचे बटाटे फुटतात आणि वरचे झिंगे कच्चे राहतात. तीन गंज घ्यावेत. तळाशी चार बोटे पाणी, त्यात लहान बटाटे. पंधरा मिनिटांनी खेकडे आणि अर्धी कापलेली कणसे. आणखी पंधरा मिनिटांनी मलमलीच्या कापडात सैल बांधलेले झिंगे सर्वांत वर. मध्ये पळसाची पाने अंथरावीत. झाकण उघडले की वाफ जाते, म्हणून वेळ पुन्हा वाफ धरल्यापासून मोजावी. झिंगे आकारानुसार पाच ते आठ मिनिटांत गुलाबी आणि अपारदर्शक होतात. त्यानंतर ठेवल्यास ते रबरासारखे होतात. कवचासह माणशी पाव किलो धरल्यास झिंगे दहा किलो लागतील.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: पाण्यात घातलेले मीठ वाफेबरोबर वर चढत नाही. तिकडे शेवाळ आणि शिंपल्यांतले समुद्राचे पाणीच खारेपण देते. आपल्याला झिंग्यांना आधीच मीठ, हळद आणि ठेचलेला लसूण चोळून ठेवावा लागेल.

उत्तर २ (तलावपार, जिल्हा गोंदिया)
वरील पद्धत मान्य आहे, पण खेकड्यांबाबत सावध राहावे. मेलेला खेकडा फार लवकर नासतो, म्हणून तो जिवंतच घ्यावा. आणि फवारणी झालेल्या बांधीतला मुळीच घेऊ नये. गोड्या पाण्यातील खेकड्यांत फुप्फुसांत शिरणाऱ्या चपट्या कृमींची अवस्था असू शकते, आणि पूर्ण शिजवल्यानेच ती मरते. म्हणून पंधरा मिनिटांचा नियम न धरता एक खेकडा फोडून आतले मांस पांढरे व घट्ट झाले आहे ना, हे पाहूनच पुढचा थर चढवावा. नदीतले शिंपले मी सुचवणार नाही, कारण ते पाणी गाळून खातात आणि पाण्यातली घाण त्यांच्या अंगात साठते. पाहुण्यांपैकी कुणाला झिंगे-खेकड्यांची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावे आणि त्यांचे जेवण वेगळ्या भांड्यात शिजवून वाढावे.

पुन्हा वैनगंगाकाठ
आभारी आहे. तीन गंज आणि मलमल ठरले, शिंपले रद्द केले. उरलेल्या पाण्याचे काय करावे? टाकून देणे जिवावर येईल.

उत्तर १ (धानाची बांधी)
टाकू नये. कापडातून गाळावे, म्हणजे कवचाचे तुकडे आणि माती मागे राहते. मग तेलात कांदा, लसूण आणि आपला लाल तिखटाचा मसाला परतून त्यात ते पाणी ओतावे आणि चांगले उकळू द्यावे. भातावर ओतायला रस्सा तयार होतो. बटाट्यांच्या पाण्यात मीठ घातले असेल, तर चव घेतल्याशिवाय रश्शात मीठ टाकू नये.