जुन्या इंग्लिश प्रवचनांतले ‘कोट’ आणि ‘प्लेस’

प्रश्न: सतराव्या शतकाच्या सुरुवातीची इंग्लिश चर्चमधली प्रवचने वाचतोय. प्रवचनकार बायबल ‘कोट’ करतो, पण छापील बायबलशी ताडून पाहिले तर शब्द जुळत नाहीत. मराठीत ‘उद्धृत करणे’ लिहू का? आणि बायबलमधल्या एखाद्या उताऱ्याला ते ‘प्लेस’ म्हणतात, त्याला काय म्हणावे?

उत्तर १: ‘उद्धृत’ नको, घोटाळा होईल. ‘कोट’च्या मुळाशी लॅटिन ‘क्वोटारे’ आहे: आकडे घालून खूण करणे. इंग्रजीत आधी समासात संदर्भ नोंदवणे, मग आधार म्हणून दाखला देणे, असा अर्थ सरकत गेला. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे सांगणे हा अर्थ १६७० च्या दशकात येतो. म्हणून १६१० च्या प्रवचनात ‘दाखला देणे’च बसते. वचन आपल्या वाक्यात मुरवायला काळ बदलला, सर्वनाम बदलले, तर त्यात कुणाला वावगे वाटत नसे.

शिवाय ‘छापील बायबल’ म्हणजे नेमके कोणते? लान्सलॉट अँड्र्यूज १६११ च्या राजमान्य (किंग जेम्स) बायबल-भाषांतराच्या एका गटाचे प्रमुख होते, पण त्यांच्या प्रवचनांत १५६० च्या जिनिव्हा बायबलचे, म्हणजे आधीच्या एका इंग्लिश भाषांतराचे, शब्द भेटतात, आणि मध्येच लॅटिनचा तुकडा. गंमत म्हणजे त्या १६११ च्या बायबलला माइल्स स्मिथ यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतली वचनेही बरीचशी जिनिव्हाच्याच वळणाची आहेत! वचना-वचनाला आकडे असलेले पहिले संपूर्ण इंग्लिश बायबल जिनिव्हाचेच. त्याआधी अध्यायाचा आकडा आणि समासातली अ, ब, क अशी अक्षरे, एवढ्यावर भागवत.

‘प्लेस’ला मी ‘प्रमाण’ म्हणेन. वारकरी कीर्तनात सेवेला घेतलेला अभंग म्हणजे या प्रवचनकारांचा ‘टेक्स्ट’ (प्रवचनाचे मूळ वचन), आणि निरूपणात जोडलेली प्रमाणे म्हणजे ‘प्लेसेस’.

उत्तर २: ‘दाखला’ मान्य. ‘प्रमाण’ मात्र सगळीकडे चालणार नाही. त्याच सुमाराचे इंग्लिश प्रवचनकार विल्यम पर्किन्स यांनी प्रवचनकलेवर पुस्तक लिहिले (लॅटिनमध्ये १५९२). त्यांची रीत अशी: एखादी ‘प्लेस’ दुर्बोध असेल तर ती दुसऱ्या ‘प्लेसेस’शेजारी ठेवून उलगडायची. जिचाच अर्थ लागत नाही तिला प्रमाण कसे म्हणणार? तिथे सरळ ‘वचन’ लिहावे. मराठी ख्रिस्ती मंडळींचा रोजचा शब्द तोच आहे. दुसऱ्याच्या आधाराला उभे राहील ते प्रमाण.

तेच पर्किन्स सांगतात की तयारी करताना हवे तेवढे वाचा, पण लोकांपुढे ती विद्वत्ता झाका. लॅटिन-ग्रीकची पेरणी त्यांना नको होती. अँड्र्यूज किंवा जॉन डन यांची तऱ्हा उलटी, एकाच शब्दाची भाषांतरे शेजारी ठेवून तासभर रमणारी. मला ती जास्त आवडते, पण ‘त्या काळचे प्रवचनकार असे करीत’ हे एका दमात लिहू नये.

प्रश्नकर्ता: मग अवतरणचिन्हे?

उत्तर १: टाळा. तेव्हाच्या छापील प्रवचनांत शास्त्रवचन बहुधा तिरक्या टाइपात आणि संदर्भ समासात असे. समासात दुहेरी स्वल्पविराम दिसले तर ते बऱ्याचदा ‘हे लक्षात ठेवण्याजोगे’ अशी खूण असते, कुणाचे शब्द आहेत ते सांगत नाहीत. तुम्हीही तिरका टाइपच ठेवा.