फिनलंडला मास्टर्स : पैसे, खोली, सामान, आधी काय करू?

धंतोलीकर : ओउलू विद्यापीठात ऑगस्टपासून दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. अर्धा खर्च एज्युकेशन लोनमधून, अर्धा बाबांच्या एफडीतून. तिथे राहण्याचं परमिट, राहायची सोय, सामान, यात सुरुवात कशापासून करू? इथे नागपुरात बर्डीच्या बाजारातून जाड जॅकेट घेऊन ठेवू का?

वऱ्हाडी_उत्तरेत : जॅकेट राहू दे भाऊ, आधी बँकेचं बघ. परमिटसाठी राहण्या-खाण्याचे महिन्याला 800 युरो धरतात, म्हणजे पहिल्या वर्षाचे 9,600. हे फीपेक्षा वेगळे, आणि तुझ्या स्वतःच्या खात्यात हवेत. बाबांचं हमीपत्र किंवा त्यांच्या नावची एफडी चालत नाही.

गाडी अडते ती इथे. लोक अर्जाच्या तोंडावर एफडी मोडतात, मुलाच्या खात्यात एकदम लाखो रुपये येतात, आणि ते आले कुठून याचा एकही कागद जोडलेला नसतो. एफडी मोडल्याची पावती, बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट आणि पैसे मुलाला दिल्याचं बाबांच्या सहीचं इंग्रजी पत्र, तिन्ही एकत्र लाव.

फी शक्यतो लोनमधून थेट विद्यापीठाला जाऊ दे, बँकेच्या शैक्षणिक कर्जावर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, लागत नाही. घरच्या पैशातून वर्षाला 10 लाखांच्या वर गेलं की लागतो, आणि तो पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो. बाबा रिटर्न भरत असतील तर फीचे उरलेले पैसे त्यांच्याच खात्यातून पाठवा, टीसीएस त्यांच्या करात वळता होईल.

विमा साध्या प्रवासाचा घेऊ नकोस. दोन वर्षांच्या कोर्सला उपचारांचं कव्हर किमान 40,000 युरो लागतं, त्याहून छोट्या कोर्सला 1,20,000. पॉलिसी तिकडे पोहोचायच्या दिवसापासून लागू हवी.

फीची पावती हाती आली की एंटर फिनलंड पोर्टलवर परमिटचा अर्ज भर, मग बोटांचे ठसे द्यायला व्हीएफएस या अर्ज केंद्रात जा. मुंबईची वेळ घेतलीस तर रात्रीची दुरांतो सोयीची, पण ती सकाळी पोहोचते, म्हणून वेळ दुपारची घे. जोडलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत सोबत ठेव.

प्रतापनगरची_ताई : खोलीचा अर्ज परमिटसाठी थांबवू नकोस, आजच भर. ओउलूत विद्यार्थ्यांची घरं पीएसओएएस ही संस्था देते आणि ऑगस्टला सगळ्यांची गर्दी एकदमच होते. फक्त स्वतंत्र स्टुडिओ मागितलास तर रांगेत राहशील, सामायिक फ्लॅटमधली खोलीही पर्यायात टाक. खोली बहुतेक रिकामी मिळते. गादी नाही, पडदे नाहीत, कित्येकदा छताला दिवाही नसतो. पहिल्या रात्रीपुरती चादर आणि हवेची उशी हातातल्या बॅगेत असू दे. फेसबुकवरचा कोणी घर दाखवण्याआधी डिपॉझिट मागत असेल तर तिथेच थांब.

धंतोलीकर : धन्यवाद ताई. कुकर न्यावा का? आई तूप आणि संत्रा बर्फी बांधून देते म्हणते.

प्रतापनगरची_ताई : कुकर ने, एक जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन. आधी शेगडी कुठली ते विचार. इंडक्शनवर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, इंडक्शन बेसचा लागतो.

तूप, पनीर, खव्याची बर्फी राहू दे. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टम्सवाले काढून घेतात. ताजी संत्री आणि कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नाही. सावजी मसाला, हळद, कोरड्या चटण्या मात्र खुशाल ने, फक्त सीलबंद.

वऱ्हाडी_उत्तरेत : कपड्यांचं सांगायचं राहिलं. एक जाड जॅकेट उपयोगी नाही, थर लागतात : अंगाला लोकरी थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. आत सुती बनियन नको, घाम धरतो आणि तोच गारठवतो. लोकरी थर्मलचे दोन जोड इथून घे, बाकी तिकडे किर्पुतोरीत, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, कमी पैशात मिळतं. बूट मात्र तिकडेच, बर्फावर पकड धरणाऱ्या तळव्याचे, आणि दोन मोजे मावतील असे एक नंबर मोठे.

डिसेंबरात ओउलूत सूर्य साडेतीन तासांच्या आसपास दिसतो. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू कर, आणि पहिल्याच आठवड्यात जॅकेटला लावायचा रिफ्लेक्टर घे. अंधारात पायी चालणाऱ्याने तो लावावा असा तिथला कायदाच आहे.