मूनडॉग १९५६ रिइश्यू: खरखर रेकॉर्डिंगमधली की प्रेसिंगमधली?

घोडबंदरकर:
न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वाजवणाऱ्या मूनडॉगचा, प्रेस्टिज या रेकॉर्ड कंपनीवरचा १९५६चा अल्बम, नवा मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज) रिइश्यू, म्हणजे नव्याने काढलेली प्रत. कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) एटी-व्हीएम९५ई, सुईचा दाब २ ग्रॅम. पहिल्या बाजूला मधूनमधून खरखर, डाव्या स्पीकरमधून जास्त. पठ्ठ्याने न्यूयॉर्कचा रस्ताच रेकॉर्डवर आणलाय, त्यामुळे दोष कुठला नि रस्ता कुठला, कळेना. परत करायला आठवडाभर मुदत आहे.

नौपाडा३३:
डावीकडून जास्त म्हणालात, तिथेच अर्धं उत्तर आलं. मोनोत रस्त्यावरचा गलका काय, 'सर्फ सेशन' या गाण्यातल्या लाटा काय, सगळं मधोमधच ऐकू यायला हवं. ('फ्रॉग बॉग' गाण्यातले बेडूक मूळचेच, येऊरहून आलेले नाहीत.) आधी सुई पुसा, अँटीस्केटिंग (सुईचा दांडा आत ओढला जाऊ नये म्हणूनची सेटिंग) आणि कार्ट्रिज कललंय का ते बघा.

मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोंत फोडा, पातळी सारखी करा, एक इन्व्हर्ट (लहर उलटी) करून मिक्स करा. संगीत जवळपास गायब होतं. उरते धूळ, ओरखडे आणि प्रेसिंगचा (तबकडी दाबून बनवतानाचा) दोष. त्यात कापड फाडल्यासारखा झर्र आवाज असेल तर नॉन-फिल समजा. दाबताना पीव्हीसी खाचेत पूर्ण भरलेलं नसतं. धुऊन जात नाही.

ऐरोली_एलपी:
वेळही मोजा. ३३⅓ला एक फेरी १.८ सेकंदांची. आवाज त्याच अंतराने येत असेल तर तो तबकडीचाच. नुसत्या कानावर जाऊ नका, याच्या पाच नि सात मात्रांत सम सापडेपर्यंत गाणं संपतं.

नवी असली तरी एकदा धुवा: डिस्टिल्ड वॉटर ३ भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग. लेबल कोरडं ठेवा. या हवेत पूर्ण सुकल्याशिवाय कव्हरात घातलीत तर बुरशी ठरलेली.

घोडबंदरकर:
'कॅरिबिया' या गाण्यात झर्र, दर १.८ सेकंदांनी. धुतल्यावरही जैसे थे. जुन्या मोनोसाठी १ मिलची (इंचाचा हजारावा भाग, जरा जाड टोकाची) सुई घेऊ का?

नौपाडा३३:
मग नॉन-फिलच. १ मिल मूळच्या जुन्या प्रतीसाठी. रिइश्यूची खाच आजच्या कटिंग हेडने कापलेली असते, तुमची आहे ती सुई बरोबर आहे. ॲम्पवर मोनो बटण असेल तर दाबा, किरकोळ खरखर बरीच बसते.

विक्रेत्याला ती इन्व्हर्ट केलेली फाइलच पाठवा, वाद घालायला जागा राहत नाही. आणि बदली प्रत नको, पैसे मागा. त्याच लॉटमधली आली तर पुन्हा तेच.