एनपीटेलच्या वाढीचे कारण

तज्ज्ञांची व्याख्याने मोफत मिळू लागली म्हणून एनपीटेल हा मुख्यतः अभियांत्रिकी व विज्ञानाचे ऑनलाइन शिक्षण देणारा प्रकल्प वाढला, असे मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या अर्थसाह्याने २००३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून बरीच वर्षे तो मुख्यतः व्याख्यानांचा संग्रहच होता. २०१४ पासून मात्र ठरावीक आठवड्यांचे अभ्यासक्रम, दर आठवड्याचा मुदतीत द्यायचा स्वाध्याय, शंका विचारण्याची सोय आणि केंद्रावर देखरेखीखाली होणारी सशुल्क परीक्षा अशी रचना आली, आणि माझ्या मते खरा फरक तिनेच पडला. कारण एकट्याने चित्रफिती पाहणारा विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानानंतर सहज गळतो, मुदत त्याला टिकवून धरते. पुढे ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळामुळे अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरण्याची वाटही खुली झाली.

भाषेचा प्रश्न मात्र उरतो. व्याख्यानांची भाषांतरे मराठीतही होत आहेत, हे फार मोलाचे काम आहे. तरीही तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी, मूळ मराठीतूनच विचार करून, फळ्यावर आकृती काढत शिकवणारे प्राध्यापक या मंचावर यायला हवेत, असे मला मनापासून वाटते.