मदत हवी आहे: स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी की मोठ्या नावाचं एमएस? १ एप्रिलच्या आत ठरवायचंय

नीरजा_सांगली (२४ मार्च)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत स्टॅटिस्टिक्सच्या पीएचडी आणि एमएससाठी डिसेंबरात अर्ज केले होते. आता मार्च संपत आला. काही निकाल लागले, काही लटकलेत, आणि सगळ्यांच्या तारखा एकमेकींत अडकल्यात. घरात या क्षेत्रातलं कोणी नाही. इथे तिकडे शिकलेले आणि शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. विद्यापीठांची नावं देत नाही, कारण सगळ्यांशी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या सत्राला आहे. प्रोजेक्ट सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसवर, म्हणजे एखादी घटना घडायला किती काळ लागतो त्याच्या अभ्यासावर, कर्करोगाच्या रुग्णांच्या सेन्सर्ड (काहींचा पूर्ण काळ कळलेला नाही अशा) डेटावर. तेच पुढे करायची इच्छा आहे.

पहिली ऑफर मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या स्टॅटिस्टिक्स विभागाची, पीएचडीसाठी. ट्यूशन माफ, आठवड्याला २० तासांची टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्याचं, तपासण्याचं पगारी काम) आणि नऊ महिन्यांचे २२,५०० डॉलर. पत्रात पाच वर्षं म्हटलंय, पण पुढे एक वाक्य जोडलंय: 'समाधानकारक प्रगती आणि निधीची उपलब्धता यांच्या अधीन राहून'. हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता त्याचा अर्थच लागेनासा झालाय. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांबद्दल एक अक्षर नाही. उत्तर १५ एप्रिलपर्यंत द्यायचंय.

दुसरी पूर्व किनाऱ्यावरच्या एका फार मोठ्या नावाच्या खासगी विद्यापीठाची, एमएससाठी. तीन सेमिस्टरचा कोर्स, आर्थिक मदत काहीही नाही. फी, राहणं-खाणं, विमा असं सगळं धरून हिशेब १ कोटी १० लाखांच्या घरात जातो. जागा राखायला १,००० डॉलर भरायचेत, परत न मिळणारे, तेही १ एप्रिलच्या आत.

आणि तिसरीकडे वेटलिस्ट. बायोस्टॅटिस्टिक्सचा नावाजलेला विभाग, पीएचडी. मनापासून हवंय ते हेच. तिकडून फेब्रुवारीनंतर काही कळलेलं नाही. त्यांच्या मेल आपल्याकडे मध्यरात्री येतात, त्यामुळे झोपेचं पार खोबरं झालंय.

बाबा म्हणतात, नाव मोठं आहे, कर्ज काढू. परवा ते घराचा सिटी सर्व्हेचा उतारा काढून बँकेत भेटूनही आले. त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. तो उतारा टेबलावर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

विचारायचंय ते असं: १ एप्रिलची तारीख वाढवून मागता येते का? वेटलिस्टवाल्यांना विचारलं तर आगाऊपणा ठरेल का? आणि पहिल्या ऑफरमधलं ते वाक्य किती मनावर घ्यायचं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

आंबेमोहोर (२४ मार्च)

सर्वप्रथम मनापासून अभिनंदन! पैशासकट पीएचडीची ऑफर हातात आहे, ही छोटी गोष्ट नाही.

तारखांचं आधी सांगतो. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे आणि तिथल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी त्यावर सही केलेली आहे. असिस्टंटशिप, फेलोशिप अशी आर्थिक मदत असलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची विद्यार्थ्यावर सक्ती नाही. आधी होकार दिला आणि विचार बदलला, तरी १५ एप्रिलपर्यंत लेखी कळवून तो मागे घेता येतो. विनामदत एमएसला हे संरक्षण नाही. तिथली तारीख ते स्वतः ठरवतात, म्हणूनच तुझी १ एप्रिल आहे. दोन आठवड्यांची मुदतवाढ जरूर माग, कारण सरळ सांग: दुसरीकडच्या पीएचडीचा निर्णय १५ एप्रिलला कळणार आहे. काही विभाग देतात. नाही दिली तरी बिघडत काही नाही.

वेटलिस्टला विचारणं हा आगाऊपणा मुळीच नाही. मी काही वर्षं आमच्या विभागाच्या प्रवेश समितीवर होतो. यादीतले किती जण खरंच यायला तयार आहेत, हे आम्हालाही माहीत नसायचं. चार-पाच ओळींची मेल पुरते. अजूनही रस आहे, ऑफर आली तर लगेच कळवीन, आणि फेब्रुवारीनंतर नवं काय झालं (प्रोजेक्ट पूर्ण झाला, नवे गुण आले) एवढंच लिही. यादी क्रमवार आहे का आणि वेटलिस्टवरून घेतलेल्यांनाही तशीच असिस्टंटशिप मिळते का, हे दोन प्रश्न त्यातच विचार. ऑफर आली तर तीच घेणार, असं तुझं नक्की असेल तर तेही स्पष्ट लिही.

खडीसाखर (२५ मार्च)

मी सध्या मिडवेस्टातच पीएचडी करतेय, चौथं वर्ष. पैशाचं सांगते.

२२,५०० म्हणजे नऊ महिने, महिना २,५०० डॉलर. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना पहिली पाच वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची (तिथल्या पेन्शन आणि आरोग्य योजनांची) कपात सहसा लागत नाही. शिवाय भारत-अमेरिका कर करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, त्यामुळे इन्कम टॅक्सही फार जात नाही. छोट्या गावात रूममेटबरोबर राहिलीस तर व्यवस्थित भागतं. पण ट्यूशन माफ असली तरी तंत्रज्ञान, जिम, बस असल्या नावांची फी प्रत्येक सेमिस्टरला वेगळी लागते आणि ती बऱ्याच ठिकाणी माफ नसते. ती किती, आणि आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरतं, हे लेखी विचारून घे.

ते 'निधीची उपलब्धता' वाक्य जवळजवळ प्रत्येक सरकारी विद्यापीठाच्या पत्रात असतं, माझ्याही होतं. तेवढ्याने घाबरू नकोस, पण त्याचा खरा अर्थ विद्यार्थ्यांकडूनच कळतो. ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला लिही की तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलायचंय, एखादी भारतीय असेल तर उत्तम. त्यांना विचार: प्रगती ठीक असताना कुणाची असिस्टंटशिप गेली आहे का? मागच्या उन्हाळ्यात कोण काय करत होतं? आमच्याकडे पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक जण शिकवतात किंवा कुणाच्या तरी ग्रँटवर काम करतात. एक शैक्षणिक वर्ष झालं की सीपीटीवर (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) बाहेर इंटर्नशिपही करता येते, आणि फार्मा कंपन्या स्टॅटिस्टिक्सवाल्यांना घेतात.

आणखी एक. ऑगस्टात पोचशील आणि पहिला पगार बहुधा सप्टेंबरात पडेल. तोवरचं भाडं, डिपॉझिट, गादी, भांडीकुंडी याला दोन-तीन हजार डॉलर हाताशी लागतात. बाबांना मदत करायचीच असेल तर ती इथे करू देत.

दक्षिणवारा (२५ मार्च)

थोडं वेगळं मत मांडतो. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. संशोधनाची खरी ओढ नसेल तर पीएचडी फार लांबते. एमएसनंतर १२ महिने ओपीटी (पदवीनंतर तिथे काम करायची परवानगी) आणि स्टेमचे, म्हणजे विज्ञान-गणित विषयांना मिळणारे, आणखी २४, म्हणजे तीन वर्षं काम करता येतं. माझ्या बरोबरीचे अनेक जण त्याच वाटेने स्थिरावले.

पण कर्ज १ कोटी १० लाखांचं आणि तारण राहतं घर असेल, तर मी स्वतः हा धोका घेणार नाही. तीन सेमिस्टरच्या कोर्सला पोचल्यावर महिन्याभरात नोकरीचे अर्ज सुरू करावे लागतात, आणि नोकरीचा बाजार पदवी हातात येईपर्यंत कसा असेल ते कुणाच्याच हातात नसतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू. मदत नसलेल्या एमएसला मी एरवी नाही म्हणत नाही, तुझ्या परिस्थितीत म्हणतो.

नीरजा_सांगली (२५ मार्च)

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना धागा वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत, पण 'व्याज पहिल्या दिवसापासून' ते पुन्हा वाचायला सांगितलं.

संशोधनाची ओढ आहे, त्याबद्दल शंका नाही. भीती वेगळीच आहे. आमच्याकडे मेझर थिअरी (संभाव्यतेमागचं गणित) झाली, पण रिअल अ‍ॅनालिसिस बीएस्सीपुरतंच. पहिल्या वर्षानंतरच्या क्वालिफाइंग परीक्षेत नापास झाले तर? आणि लोक म्हणतात मिडवेस्टच्या गावातली विद्यापीठं दुय्यम, तिथे जाऊन काय मिळणार.

आंबेमोहोर (२६ मार्च)

'दुय्यम' म्हणणाऱ्यांनी या विषयाचा इतिहास वाचलेला नाही. अमेरिकेत संख्याशास्त्र मोठं झालं तेच मुळी शेतीच्या प्रयोगांमधून, मका आणि सोयाबीनच्या प्रदेशात. आयोवा स्टेट विद्यापीठात जॉर्ज स्नेडेकरने १९३३ साली स्टॅटिस्टिकल लॅबोरेटरी उभी केली. तू ज्या एफ-वितरणाचे तक्ते वापरतेस त्याला संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या सन्मानार्थ ते नाव देणारा हाच माणूस. त्याच प्रयोगशाळेतून गर्ट्रूड कॉक्स नॉर्थ कॅरोलायना स्टेटला गेल्या आणि तिथला विभाग त्यांनी उभा केला. आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनीही पेन स्टेटसारख्या सरकारी विद्यापीठात काम केलं, तेही एका छोट्या गावात. विभाग निवडताना गाव बघू नकोस. तुझ्या विषयात तिथे किमान दोन-तीन प्राध्यापक सक्रिय आहेत का, ते सध्या विद्यार्थी घेतात का, आणि एकाने विद्यापीठ सोडलं तर दुसरा आहे का, हे बघ. सर्व्हायव्हल करणारा तिथे एकच असेल तर ती मात्र काळजीची गोष्ट.

क्वालिफाइंगचं असं. बहुतेक विभाग दोन संधी देतात आणि जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांना मिळतात. त्या मागव, आत्ताच. मे ते जुलै तीन महिने हाताशी आहेत. कन्व्हर्जन्स, युनिफॉर्म कन्टिन्युइटी, लिमिट आणि इंटिग्रलची अदलाबदल, एवढं रोज दोन तास स्वतःच्या हाताने सिद्ध करत बसलीस तर शिवाजी विद्यापीठाची एमएस्सी पुरेशी आहे. आमच्याकडे अशा लहान विद्यापीठांतून आलेल्या मुली उत्तम पास झाल्या आहेत. मधेच थांबावं लागलं तरी बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांवर एमएस घेऊन बाहेर पडता येतं, कर्जाशिवाय.

मोगरा_७ (२७ मार्च)

भारतातलंही मनात असू दे. आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) रिसर्च फेलोशिपची परीक्षा मेमध्ये असते, म्हणजे तुझ्या १५ एप्रिलनंतर, त्यामुळे दोन्हींची तुलना करत थांबता येणार नाही. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं वेगळं. मी कोलकात्याला आहे, इथलं प्रोबॅबिलिटीचं शिक्षण कुठेही मान खाली घालायला लावणार नाही. बाहेरचं काहीच जमलं नाही तर हा मार्ग कमीपणाचा समजू नकोस.

आणि जी ऑफर नक्की घ्यायची नाही ती आजच नाकार. तू नाही म्हटलंस की कुणाची तरी वेटलिस्ट हलते. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर तासातासाला हलते.

नीरजा_सांगली (९ एप्रिल)

अपडेट देते. एमएसवाल्यांनी मुदत वाढवली नाही. १,००० डॉलर भरले नाहीत, नकार कळवला. बाबांनी उतारा परत कपाटात ठेवला.

मिडवेस्टच्या दोन विद्यार्थिनींशी व्हिडिओ कॉल झाला, त्यातली एक नागपूरची. प्रगती ठीक असताना कुणाची असिस्टंटशिप गेलेली त्यांच्या पाहण्यात नाही. उन्हाळ्यात मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना काही ना काही काम मिळतं, पण हमी नाही. विमा विद्यापीठ भरतं, फी आपली. सर्व्हायव्हलमध्ये तीन प्राध्यापक, पैकी दोघे विद्यार्थी घेत आहेत. एक अडचण कळली: पहिल्या सेमिस्टरपासून वर्ग घ्यायचा असेल तर टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या स्पीकिंगमध्ये ठरावीक गुण लागतात, माझे थोडे कमी आहेत. तोवर मला गृहपाठ तपासणं आणि ऑफिस अवर्स देतील, पगार तोच. तिथे पोचल्यावर तोंडी चाचणी.

बायोस्टॅटवाल्यांचं उत्तर सौजन्याचं होतं. यादीला क्रम नाही, ज्या विषयाची जागा रिकामी होईल त्याप्रमाणे बोलावतात, मदत सगळ्यांना सारखीच. १५ तारखेपर्यंत वाट बघते. आलं नाही तर मिडवेस्टला होकार, आणि ते मी आता आनंदाने लिहू शकते. होकार दिल्यावर व्हिसासाठी आधी काय करायचं?

खडीसाखर (९ एप्रिल)

छान केलंस! होकारानंतर विद्यापीठ पासपोर्टची प्रत मागेल आणि मग आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) पाठवेल. ती आली की आधी नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघ, मग निधीच्या रकान्यात असिस्टंटशिप आणि ट्यूशन माफी दोन्ही आकडे आलेत का बघ. तिथे चूक असेल तर लगेच दुरुस्त करून माग. त्यानंतर ३५० डॉलर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म आणि मुंबईच्या मुलाखतीची तारीख. जूनमध्ये गर्दी असते, आय-२० मिळेल त्याच आठवड्यात स्लॉट शोधायला लाग. तिथली तोंडी चाचणी बहुतेक पहिल्या आठवड्यातच असते. नागपूरच्या मुलीला विचार, ती कशी घेतात: आमच्याकडे फळ्यावर पाच मिनिटांत एक व्याख्या समजावून सांगायची असते. एखादी व्याख्या आजपासून बाबांना इंग्रजीत समजावून सांगायला घे.